पैसा एकाचा, डाव दुसऱ्याचा

पालघर आणि बोईसर या दोन गजबजलेल्या स्थानकांच्या मधोमध आमचे उमरोळी स्थानक आहे, आणि चाकरीसाठी मुंबईस जाणाऱ्या मंडळींचा दिवस जेथे जेथे आगगाडीच्या वेळापत्रकाने बांधलेला असतो तेथे तेथे जे दृश्य दिसते, ते आमच्याही गाडीत नित्य दिसते : चौघांच्या गुडघ्यांवर आडवी ठेवलेली एखादी बॅग, तीवर पसरलेले वर्तमानपत्र, त्यावर पडणारी पाने, आणि त्या चौघांच्या डोक्यांवरून वाकून पाहणारे, खेळात नसूनही खेळणाऱ्यांपेक्षा अधिक उत्कंठित झालेले चार-सहा उभे प्रवासी. या उभ्यांपैकी एखादा मध्येच खिशात हात घालतो आणि बसलेल्याच्या खांद्यावर बोट टेकवून म्हणतो, "माझे पन्नास तुझ्या पानावर." सफाळे येईपर्यंत ते पन्नास गेलेले असतात किंवा शंभर झालेले असतात, आणि दोन्ही प्रसंगी तक्रारीला जागा नसते, कारण पान जेव्हा उलटले तेव्हा पैसेवाल्याची नजर त्या पानावरच होती. पोकर या पत्त्यांच्या खेळात ज्याला स्टेकिंग म्हणतात तो व्यवहार मुळात एवढाच. फरक इतकाच की तेथे पैसा देणारा पुण्यास किंवा दुबईस असतो, खेळणारा पणजीस मांडवीच्या पात्रातील कॅसिनो-जहाजावर असतो किंवा, ऑगस्ट २०२५ पर्यंत, स्वतःच्या खोलीत फोनसमोर असे, आणि पान उलटताना तिसरे कोणीच पाहत नसते.

या व्यवहाराची परिभाषा इंग्रजी असली तरी तिच्यामागची कल्पना मराठी वाचकास अपरिचित नाही. पैसा लावणारा तो बॅकर. ज्याच्यावर लावला जातो त्याला त्या जगात 'घोडा' म्हणतात, आणि अनेक घोडे बाळगणाऱ्या बॅकरची जी काही व्यवस्था असते तिला आपण खुशाल 'पागा' म्हणावे. आपल्या घोडदळात स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा तो बारगीर, असा भेद होता. स्वतःच्या पैशाने खेळणारा आणि दुसऱ्याच्या पैशाने खेळणारा यांतील भेद नेमका तोच आहे, मात्र येथे बारगीरालाच घोडा म्हणण्याचा उरफाटा प्रकार रूढ झालेला आहे. नफा बहुधा निम्मा-निम्मा वाटला जातो. तोटा झाला तर तो बॅकरचा; पण करार एका डावापुरता नसून चालू असेल, तर तो तोटा घोड्याच्या नावे पुढे ओढला जातो, आणि त्याला मेकअप हे एक विलक्षण निरुपद्रवी नाव आहे. तीस हजार हरलेल्या खेळाडूने पुढे पन्नास हजार जिंकले, तर आधी तीस हजार बॅकरच्या पदरात परत पडतात आणि उरलेल्या वीस हजारांचे दोन वाटे होतात. याखेरीज एखाद्या स्पर्धेपुरते आपल्या यशाचे हिस्से विकण्याचीही चाल आहे. दहा हजारांच्या प्रवेशशुल्काचा दहावा हिस्सा, नामांकित खेळाडू असला तर, हजाराऐवजी बाराशेला विकला जातो, आणि वरचे दोनशे हे त्याच्या कौशल्याचे आगाऊ मोल समजले जाते.

आता या व्यवहारात लबाडीला किती वाटा आहेत ते पाहावे. घोडा जिंकून हरलो म्हणू शकतो. बॅकरच्या पैशाने ठरल्यापेक्षा मोठ्या डावावर बसू शकतो. समोर बसलेल्या मित्राला मुद्दाम हरून त्या मित्राकडून मागाहून अर्धे घेऊ शकतो. आणि सर्वांत कल्पक प्रकार असा की, स्वतःचे शंभर टक्क्यांऐवजी एकशे तीस टक्के हिस्से तो निरनिराळ्या माणसांना विकू शकतो. अशा माणसाने लवकर हरून बाहेर पडणे यात त्याचा निव्वळ नफा असतो आणि दैवयोगाने पहिले बक्षीस मिळाले तर त्याच्याइतका दुर्दैवी मनुष्य त्या सभागृहात दुसरा नसतो. बॅकर तरी धुतल्या तांदळासारखा असतो असे नाही. हरत्या काळात हात झटकून मोकळा होणारा, जिंकत्या काळात "आपला तोंडी करार निम्म्याचा नव्हता, साठ टक्क्यांचा होता" अशी आठवण होणारा बॅकरही त्या जगाला चांगला ठाऊक आहे.

हा प्रश्न आजचा नव्हे, आणि महाभारताच्या सभापर्वात तो जितक्या स्वच्छपणे मांडलेला आहे तितका तो नंतर कोठे मांडला गेला असेल असे मला वाटत नाही. हस्तिनापुरात द्यूताला आरंभ होताना दुर्योधन उठून सांगतो की पणाला लावायचे द्रव्य आणि रत्ने मी पुरवीन, पण माझ्या वतीने खेळेल तो मामा शकुनी. आणि युधिष्ठिर, ज्याच्या हातून त्या दिवशी दुसरे काहीही शहाणपणाचे घडले नाही, तो या एका ठिकाणी बरोबर बोट ठेवतो की एकाने दुसऱ्यासाठी खेळावे हे आपल्याला विषम वाटते. आक्षेप घेऊनही तो खेळावयास बसतो, ही गोष्ट वेगळी. द्यूतपर्वावरील आपल्याकडील चर्चा फाशांच्या कपटाभोवती फिरत राहिली. पण युधिष्ठिराचा आक्षेप फाशांना नव्हता, तो डावाच्या मांडणीला होता. ज्याची संपत्ती जाते तो खेळत नाही आणि जो खेळतो त्याचे काही जात नाही, अशी स्थिती झाली की खेळणाऱ्याचा हात मोकळा सुटतो, हे त्याला कळले होते.

शास्त्रकारांनी मात्र या विषमतेवर एक व्यावहारिक तोड काढलेली दिसते. मनूने द्यूत सरसकट बंद करावे असे सांगितले. याज्ञवल्क्य आणि कौटिल्य यांनी ते राजाच्या नजरेखाली, ठरलेल्या जागी चालू द्यावे असा पक्ष घेतला. कौटिल्याचा द्यूताध्यक्ष फासे स्वतः पुरवितो, ते बदलणाऱ्यास बारा पण दंड करतो आणि जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच घेतो. याज्ञवल्क्याचा सभिक, म्हणजे द्यूतगृहाचा चालक, याच्यावर तर स्पष्ट कर्तव्य लादले आहे की हरलेल्याकडून द्रव्य वसूल करून ते त्याने जिंकणाऱ्यास पोचते करावे, आणि त्याने सत्यवचनी व क्षमाशील असावे. शूद्रकाच्या मृच्छकटिकात दहा सुवर्ण हरून ओस देवळात मूर्ती बनून उभा राहिलेला संवाहक आणि त्याच्या मागावर असलेला सभिक माथुर यांचे जे दृश्य आहे, त्यातला माथुर क्षमाशील मुळीच नाही. तथापि तो आहे, हे महत्त्वाचे. दोघांच्या मध्ये तिसरा उभा करावा, त्याच्या डोळ्यांदेखत खेळ व्हावा आणि त्याच्याच हातून पैसा फिरावा, ही ती तोड होय.

याच दिशेने आमच्या किनाऱ्याकडे यावयाचे, तर बोईसरच्या पश्चिमेस तारापूरला लागून असलेल्या चिंचणी गावी सापडलेल्या ताम्रपटांचा उल्लेख करणे भाग आहे. त्यांतील शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा ताम्रपट सांगतो की राष्ट्रकूट नृपती तिसरा इंद्र याच्या अमदानीत संजाणचे मंडल मधुमती नावाच्या ताजिक अधिकाऱ्याच्या हाती होते. ताजिक म्हणजे अरब, आणि मधुमती हे मुहंमद या नावाचे संस्कृत रूप. या अधिकाऱ्याने नदीपार जाण्यासाठी विनामूल्य तरीची आणि वाटसरूंसाठी अन्नसत्राची तजवीज केली होती. ज्या अरब व्यापाऱ्यांची गलबते त्या काळी या किनाऱ्याला लागत त्यांच्यात मुदारबा नावाची एक सरकत रूढ होती : एकाचे भांडवल, दुसऱ्याचा प्रवास आणि व्यापारचातुर्य, नफा आधी ठरलेल्या प्रमाणात, तोटा झाला तर भांडवलवाल्याचे द्रव्य गेले आणि प्रवास करणाऱ्याचे श्रम गेले, कोणी कोणाचे देणे लागत नाही. जिनोवा आणि व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची कॉमेंडा नावाची पद्धत याच कुळातली. चिंचणी-संजाणच्या बंदरात असे करारमदार झाले असले पाहिजेत, हा माझा तर्क आहे, ताम्रपटाचा पुरावा नव्हे. परंतु मुदारब्यातील एक कलम मनात धरून ठेवण्यासारखे आहे : तोटा प्रवास करणाऱ्याच्या अंगावर चढत नाही.

सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी या आमच्या शेजारच्या बंदरांवर आजही जो धंदा चालतो तो याच जातीचा आहे, आणि स्टेकिंगच्या प्रश्नाचा विचार करताना मला पोकरच्या नामांकित खेळाडूंपेक्षा तेथील तांडेलांकडून अधिक शिकावयास मिळाले, हे मी मोकळेपणाने सांगतो. २०२३ साली राज्यमासा म्हणून जाहीर झालेले पापलेट ज्या सातपाटीच्या नावाने ओळखले जाते, तेथे बोट एकाची असते, ती हाकणारा तांडेल कित्येकदा दुसरा असतो, जाळी ओढणारे खलाशी आणखी वेगळे असतात, आणि डिझेल, बर्फ व शिधा यांसाठी लागणारा पैसा या सर्वांखेरीज चौथ्याच कोणाचा असू शकतो. ३१ जुलैला पावसाळी मासेमारीबंदी उठते, नारळी पौर्णिमेचा नारळ समुद्राला जातो, आणि जी बोट चार-सहा दिवसांसाठी क्षितिजापलीकडे दिसेनाशी होते तिच्यावर काय चालले आहे, किती मासळी लागली, त्यातली किती भर समुद्रात दुसऱ्या बोटीला विकली गेली, हे किनाऱ्यावरच्या पैसेवाल्याला कळण्याचा काही मार्ग नसतो. पोकरच्या बॅकरची जी अडचण ती हीच. मग येथे इतबार टिकतो कसा?

एक तर मासळी लपवावयास जड असते. ती बंदरावरच उतरते आणि सर्वांच्या देखत तिचे वजन होते. खर्च आधी वळता होतो, मग बोटीचे, जाळ्याचे आणि माणसांचे वाटे पडतात. वाटे किती आणि कसे हे गावागावांत वेगळे आहे, खलाशांना आता पुष्कळ ठिकाणी ठरीव पगारच असतो, परंतु फेरीचा हिशेब फेरीला, हे तत्त्व जुने आहे आणि घरी कालवणापुरती मासळी नेण्याचा खलाशाचा हक्क कोणी त्या हिशेबात धरीत नाही. दुसरी गोष्ट याहून मोलाची आहे. मासळी धरतो पुरुष, पण ती विकण्याचे आणि पैसा हाताळण्याचे काम कोळी आणि मांगेला समाजांत परंपरेने बायकांचे आहे. म्हणजे पकडणारा हात वेगळा, विकणारा हात वेगळा. पहिल्याने दहा टोपल्या म्हटले आणि दुसरीच्या पुढ्यात आठ आल्या तर बोभाटा व्हावयास सूर्य मावळावा लागत नाही. पोकरच्या घोड्याच्या ठायी पकडणे, विकणे आणि हिशेब सांगणे ही तिन्ही कामे एकवटलेली असतात, आणि कोणत्याही माणसाच्या सचोटीवर इतका भार टाकणे हे त्या माणसावरही अन्यायाचे आहे असे मला वाटते. सातपाटीच्या मच्छीमार सहकारी संस्थांनी डिझेल-बर्फाचा पुरवठा आणि मासळीची विक्री या दोन्ही बाजू आपल्या हाती घेऊन जे साधले ते याज्ञवल्क्याच्या सभिकाचेच काम होय, जरी त्या संस्थांच्या संचालकांना ही उपमा रुचेल की नाही याविषयी मी साशंक आहे.

या चित्राला काळी बाजू आहे, आणि ती नेमकी मेकअपच्या बाजूची आहे. ज्या बोटमालकाने व्यापाऱ्याकडून आगाऊ पैसा उचलला त्याला मासळी त्याच व्यापाऱ्याला, त्यानेच ठरविलेल्या भावाने घालावी लागते. हंगाम वाईट गेला की बाकी पुढच्या हंगामावर जाते, आणि दोन-तीन हंगामांनंतर बोट नावापुरती मालकाची उरते. वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जव्हार-मोखाड्यातून जाणारी कुटुंबे पावसाळ्यात जी 'उचल' घेतात तिची कथा याहून दारुण आहे. हंगामाअखेर हिशेब होतो तेव्हा अंगावर बाकी निघते, आणि बाकी निघाली म्हणजे पुढच्या वर्षीही तीच भट्टी. आणि या साऱ्याचे सर्वांत नागवे रूप आमच्याच डहाणू-तलासरीच्या जंगलपट्टीत होते : लग्नासाठी सावकाराकडून काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघांनी जन्मभर त्याच्या घरी राबायचे, त्याला लग्नगडी म्हणत. १९४५ साली वारल्यांनी जो उठाव केला, ज्याची हकीकत गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात लिहून ठेवली आहे, तो वेठीप्रमाणेच या लग्नगडीच्याही विरुद्ध होता. पंचतारांकित हॉटेलात बसून पत्ते खेळणाऱ्या तरुणाची आणि लग्नगड्याची तुलना करणे कोणाला अतिशयोक्त, किंबहुना अशोभनीय वाटेल. दोघांच्या दुःखाचे माप एक आहे असे मी म्हणत नाही. परंतु बाकी पुढे ओढण्याचा परिणाम माणसाच्या मनावर सारखाच होतो. दोन लाखांच्या मेकअपमध्ये बुडालेल्या घोड्याला आज वीस हजार जिंकून काय मिळणार? कवडीही नाही. तेव्हा तो एक तर आंधळे डाव खेळतो, किंवा जिंकलेले लपवितो, किंवा रातोरात दुसऱ्याच्या पागेत दाखल होतो. पहिल्या दिवशी जो प्रामाणिक होता त्याला करारानेच अप्रामाणिक केलेले असते. मुद्दलापेक्षा व्याज एकावेळी अधिक मागता येऊ नये असा दामदुपटीचा नियम आपल्या जुन्या व्यवहारशास्त्राने घालून दिला आणि मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनी तो पाळला. मेकअपला असा कोणताही बांध नाही.

आता न्यायालयाचा विषय निघालाच आहे, तर विश्वासघात झाल्यास दाद कोठे मागावयाची हे पाहू. १८७२ च्या करार अधिनियमाच्या ३० व्या कलमाप्रमाणे पैजेचा करार शून्य आहे, म्हणजे जिंकलेला पैसा फिर्याद करून वसूल होत नाही. परंतु पैज लावण्यासाठी दोघांनी केलेली सरकत? घेरुलाल पारख विरुद्ध महादेवदास मैय्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे १९५९ साली हाच प्रश्न आला. दोघांनी ठरविले होते की हापूरच्या दोन पेढ्यांशी गव्हाच्या भावावर सट्ट्याचे व्यवहार करावे, ते व्यवहार एकट्या महादेवदासांच्या नावे व्हावे आणि नफातोटा निम्मा-निम्मा असावा. तोटा आला; महादेवदासांनी तो सगळा भरला आणि घेरुलालांकडे निम्मा मागितला; घेरुलाल म्हणाले की मूळ व्यवहारच पैजेचा, तेव्हा मी देणे लागत नाही. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी निर्णय दिला की पैजेचा करार शून्य असला तरी तो बेकायदा नव्हे, म्हणून त्याच्या आनुषंगिक सरकतीला बाध येत नाही. घेरुलालांनी आपला वाटा भरला पाहिजे. स्टेकिंगचा याहून जवळचा दाखला भारतीय न्यायग्रंथांत मिळणे कठीण.

पण उमरोळीच्या रहिवाशाने त्यावर विसंबू नये. जुन्या मुंबई इलाख्यापुरता १८६५ चा तिसरा कायदा असा आहे की, पैज तर शून्यच, शिवाय पैजेला साहाय्य करण्यासाठी किंवा पैजेच्या निमित्ताने झालेले आनुषंगिक करारही शून्य. आणि घेरुलालच्या निकालपत्रातही मुंबईचा हा वेगळेपणा नमूद आहे. म्हणजे हेच दोघे गृहस्थ ठाण्याच्या दिवाणी न्यायालयात उभे असते तर महादेवदास रित्या हाताने परतले असते. पोकर हा पैजेचा खेळ नसून कौशल्याचा आहे, असे म्हणून यातून सुटका करून घेण्याचा मार्ग आहे, कारण १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने केवळ कौशल्याच्या खेळांना वगळले आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली रमीला व १९९६ साली घोड्यांच्या शर्यतींना कौशल्यप्रधान ठरविले आहे. परंतु २०१७ साली शेजारच्या गुजरातच्या उच्च न्यायालयाने पोकर हा जुगारच, असा फैसला दिला. महाराष्ट्राची या बाबतीतली वृत्ती मोठी मौजेची राहिली : १९७६ साली कॅसिनोंचा कायदा करून ठेवला, तो एक दिवसही अमलात आणला नाही, आणि २०२३ साली रद्द केला. तेव्हा हौसेने जावयाचे ते गोव्यास, आणि दाद मागावयाची ती कोठेच नाही.

दाद मागण्याची सोय जेथे आहे तेथे काय घडते याचे एक उदाहरण सांगून पुढे जातो. अमेरिकेत २००६ सालच्या जागतिक पोकर स्पर्धेत जेमी गोल्ड याने १ कोटी २० लाख डॉलरचे पहिले बक्षीस मिळविले, आणि क्रिस्पिन लेझर या गृहस्थाने निम्म्यावर हक्क सांगितला. लेखी काही नव्हते. पण अंतिम फेरीआधी खुद्द गोल्डने लेझरच्या दूरध्वनीवर आपल्या आवाजात ठेवलेला निरोप होता, की निम्मे तुझे आहेत, काळजी करू नकोस. न्यायालयाने ६० लाख डॉलर गोठवून ठेवले आणि पुढच्याच वर्षी दोघांनी बाहेर तडजोड केली. याच्या उलट १९९७ साली बिली बॅक्स्टर याने, व्यसनांनी जर्जर झालेल्या स्टू अंगर या असामान्य खेळाडूचे दहा हजार डॉलर प्रवेशशुल्क भरले. अंगर दहा लाख जिंकला, दोघांनी मुकाट्याने निम्मे-निम्मे घेतले. पुढच्या वर्षीही बॅक्स्टर पैसे भरावयास तयार होता, पण अंगर हॉटेलच्या खोलीतून खाली उतरलाच नाही, आणि १९९८ च्या नोव्हेंबरात वारला. अंगरने बॅक्स्टरला फसविले नाही. तरीही पैसा लावणाऱ्याला ज्याचा विमा काढता येत नाही अशी गोष्ट कोणती, हे त्या खोलीच्या बंद दाराने सांगितले.

कायद्याचा आधार नसलेला व्यवहार केवळ शब्दावर प्रचंड प्रमाणात चालू शकतो, याचा पुरावा मुंबईस शोधावा लागत नाही. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावरून निघालेल्या आकड्याचे साठीच्या दशकात मटक्यात रूपांतर झाले, आणि कल्याणजी भगत व रतन खत्री यांच्या नावाने तो गिरणगावापासून आमच्या बोईसरपर्यंत पोचला, तेव्हा चिठ्ठीच्या एका कपट्यावर लोकांनी पगार ओवाळून टाकले. लागलेला आकडा चुकता होतो, अशी त्या धंद्याची ख्याती होती. या ख्यातीचे कौतुक करणाऱ्यांस एवढेच विचारावे की ज्या धंद्यात चालविणारा कधीच हरत नाही, त्याला वचन पाळण्यात कसले शौर्य? तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार आपापसांत जी भिशी लावतात, तीत पहिल्याच महिन्यात रक्कम उचलणारा पुढचे अकरा महिने न चुकता हप्ता भरतो, ते इमान मला अधिक वजनाचे वाटते.

या आढाव्याचे शेवटचे प्रकरण मात्र माझ्या ओटीवर घडले. त्याच वसाहतीत पाळीने काम करणारा गावातला एक तरुण फोनवर पोकर फार चांगले खेळे. तिघा सोबत्यांनी प्रत्येकी दहा हजार घालून तीस हजार त्याच्या खात्यात भरले, नफा निम्मा त्याचा, निम्मा तिघांचा, आणि हिशेबासाठी एक शंभर पानी वही. २०२५ च्या जुलैपर्यंत बावीस हजार गेले होते. मग एका रात्री त्याने ६४ हजार ५०० ची स्पर्धा जिंकली आणि सांगितले की ती आपण स्वतःच्या पगारातले पाचशे भरून खेळलो होतो, सबब तिच्याशी सोबत्यांचा संबंध नाही. चौघे भांडत माझ्याकडे आले, कारण मी उभी हयात दस्तऐवज तपासण्यात घालविली आहे असा गावात समज आहे.

मी वही मागितली. पहिली अठरा पाने तारीखवार, नेटकी, हार आणि जीत दोन्ही मांडलेली होती. त्यानंतर अकरा दिवस कोरे.

"काका, पाचशे माझेच होते," तो म्हणाला.

"भरले कोणत्या खात्यात?"

तो गप्प राहिला. खाते एकच होते. सोबत्यांचे उरलेले आठ हजार आणि याचे पाचशे एकाच ठिकाणी मिसळले होते, आणि कोणते पाचशे टेबलावर गेले हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. माझ्या शेजारचे एक वृद्ध तांडेल तेथे विडी ओढीत बसले होते. त्यांना पोकरचे अक्षरही ठाऊक नाही. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "गळ याचा असंल. होरी कोणाची होती?"

त्या प्रश्नावर निकाल झाला. त्याचे पाचशे त्याला, तिघांचे तीस हजार मुद्दल तिघांना. खात्यातले आठ हजार धरून उरलेल्या ४२ हजारांतून कायद्याप्रमाणे शेकडा ३० या दराने १२ हजार ६०० कर त्याच्या नावे कापला गेला होता, तो चौघांनी मिळून सोसावा. राहिलेल्या २९ हजार ४०० चे निम्मे त्याचे, निम्मे तिघांचे, म्हणजे प्रत्येकी ४ हजार ९००. मी माझ्याकडून एवढेच जोडले की पुन्हा असा व्यवहार केला तर दर महिन्याच्या अखेरीस, हार असो वा जीत, बाकी शून्य करावी आणि वही खेळणाऱ्याच्या हाती देऊ नये. पुन्हा करण्याचा प्रसंग आला नाही. २२ ऑगस्ट २०२५ रोजी पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ, ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, बंद करणाऱ्या केंद्रीय कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि ते अ‍ॅप थंडावले. तोवर जिंकलेल्यापैकी बरेचसे त्याने मोटारसायकलीत घातले होते, म्हणून तिघांचे देणे तीन हप्त्यांत फेडावयाचे ठरले. दोन हप्ते दिले आहेत. तिसरा शिमग्याला देणार आहे. वही तूर्त माझ्या कपाटात आहे.